साखळीच्या वरची वाट

स्कोराच्या माथ्यावरून काय काय दिसतं ते सोलफ्रिडला तोंडपाठ होतं. डाव्या हाताला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेला समुद्राचा फाटा, वळतो तिथे दोन धबधबे. समोरच्या डोंगरांमागे हिमनदीची पांढरी कड. उजवीकडे, फ्योर्ड समुद्राला मिळतो त्या तोंडाशी होल्मेया बेट आणि त्यावरचं लाल छपराचं चर्च. आणि पायाखाली, सरळ खाली, नखाएवढी फेरीबोट. काठावरच्या तिच्या भाड्याच्या खोलीत उतरणाऱ्या पाहुण्यांना ती हे सगळं पाव कापता कापता ऐकवायची. गेली बारा वर्षं ऐकवत होती. ऐकता ऐकताच लोक बुटांच्या नाड्या आवळायला घ्यायचे.

ती स्वतः मात्र स्कोरावर कधी गेली नव्हती.

ब्योर्कनेस गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर कुणाला खरं वाटलं नसतं. डोंगर गावाच्या डोक्यावरच उभा आहे. उंची जेमतेम साडेसहाशे मीटर, वाट दोन किलोमीटरसुद्धा भरत नाही. पण ती खाऱ्या पाण्यापासून निघते आणि वळणबिळण न घेता थेट वर घुसते. इथली पोरं आठव्या-नवव्या वर्षी वर जाऊन येतात, म्हातारे सत्तरी ओलांडेपर्यंत जातात. जो गेला नाही तो बाहेरचा, इतका सरळ हिशेब.

सोलफ्रिडही नऊ वर्षांची असताना निघाली होती. बाप, योस्टाइन, हरवलेली मेंढी शोधायला चालला होता. म्हणाला, चल, आज तुलाही नेतो. बर्चच्या झाडीतून आणि दगडधोंड्यांच्या घसाऱ्यावरून ती बापाच्या मागे तुरुतुरु चढली. मग कडा आला. अकरा-बारा मीटरचा उभा कातळ, त्यात ठोकलेली लोखंडी साखळी, आणि उजव्या हाताला नुसती पोकळी. पोकळीच्या तळाशी काळंभोर पाणी. तिनं एकदाच खाली पाहिलं आणि ती कातळाला चिकटून बसली. बापानं समजावलं, मग दटावलं. शेवटी तिला साखळीच्या पायथ्याशी दोन खाटांएवढ्या सपाटीवर बसवलं, "इथून हलायचं नाही," म्हणाला आणि एकटाच वर गेला.

तो गेला आणि धुकं आलं. किती वेळ गेला ते तिला कधीच सांगता आलं नसतं. कातळात ठोकलेली एक खुंटी तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाप पडला असणार, आणि आपण इथेच राहणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक होता. तिला वाटलं, आपल्यावरच्या रागानं. गावातल्या दुकानात मात्र चारचौघांत म्हणाला, "आमची सोलफ्रिड जाऊन आली हो वर. डोळ्यांतून टिपूस नाही!" दुकानदारीणबाईंनी तिला चॉकलेट दिलं. तिनं ते खाल्लं. खाल्ल्यावर मग खरं सांगायला जागाच उरली नाही.

पुढं शाळेच्या सहलीला तिचा पाय मुरगळला, गावच्या सहलीला भट्टीत पाव होता, नवऱ्याला वर जायची हौस आली तेव्हा ती पोटुशी होती. नवरा पुढे उत्तरेतल्या कुणा दुसऱ्या बाईकडे निघून गेला, मुलगी बर्गनला नर्स झाली. सोलफ्रिड वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात गुरुवारी बटाट्याचे उंडे आणि शुक्रवारी मासे उकडत राहिली. वयाची चौपन्न वर्षं झाली. घरातली डोंगराकडची चांगली ऐसपैस खोली सोडून ती पाण्याकडच्या चिंचोळ्या खोलीत झोपायची. वसंतात बर्फ वितळून वरून धोंडे सुटले, की गडगडाट थांबल्यावरही ती बराच वेळ उशी छातीशी धरून बसलेली असायची.

त्या ऑक्टोबरात खोलीत बिर्ते नावाची डॅनिश बाई उतरली. सदुसष्ट वर्षांची, निवृत्त शिक्षिका, ठेंगणी, गोल, आणि आवाज असा की मागच्या बाकावरचा पोरगाही दचकून उठावा. दोन दिवस पावसानं तिला खोलीबाहेर पडू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं.

"आमच्या देशातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे तुमच्या दाराची पायरी," बिर्ते अंड्यावर मीठ टाकत म्हणाली. "मला झेपेल का तुमचा हा स्कोरा? खरं सांगा हं."

"न झेपायला काय झालं? दोन तास वर, दीड तास खाली. थोडी चढण आहे. साखळी आहे, ती धरली की झालं." आणि मग धबधबे, हिमनदी, बेट, फेरी.

"तुम्ही अलीकडे कधी गेला होतात?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सोलफ्रिडनं पावाचा तुकडा उगाच उलटा केला. "ह्याच उन्हाळ्यात की," ती म्हणाली.

नऊ वाजता बिर्ते निघाली. सोलफ्रिड कामावर गेली.

दोन वाजता ती परत आली तर खोलीच्या दारात बूट नव्हते. म्हातारी बसली असेल फोटो काढत, असं म्हणत तिनं कपडे वाळत घातले. अडीचला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला आणि तो कानाला धरूनच ती अंगणात आली. ढग खाली उतरून डोंगराच्या खांद्यावर बसले होते.

चुलत भाऊ टोरलाइव्ह गावच्या बचाव पथकाचा म्होरक्या. तो पथकातल्या तिघांसह फ्योर्डच्या पलीकडे मेंढ्या उतरवायला गेला होता. तिनं त्याला फोन केला तेव्हा मागे मेंढ्यांचं बें-बें आणि कुत्र्याचं भुंकणं.

"कधी गेली म्हणतेस? नऊला?" टोरलाइव्ह म्हणाला. "अगं, पण तू जाऊ कशी दिलीस? दोन दिवस पाऊस कोसळला. साखळीच्या वरची ती फरशी शेवाळानं कशी होते ते काय तुला सांगायला हवं?"

साखळीच्या वर फरशी आहे, हे सोलफ्रिड आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती.

"सोलफ्रिड? आहेस ना?"

"आहे."

"आम्हाला होडी धरून दोर घेऊन यायला दीड-दोन तास लागतील. हेलिकॉप्टरचं मी बघतो, पण ह्या ढगात ते येईल असं वाटत नाही. तू पुढे हो. हाका मारत जा. तुला वाट पाठ आहे. आणि हे बघ, फरशीवर तू पाय टाकू नकोस, कडेकडेनं—"

फोन तुटला.

ती स्वयंपाकघरात उभी राहिली. घड्याळात तीनला दहा कमी. कुणाला तरी बोलवावं म्हणून तिनं शेजारी कोण कोण आहे ते मनात मोजलं: वृद्धाश्रमातली माणसं, दुकानातली बाळंतपणाला टेकलेली सून, आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला पाद्री. तिनं थर्मासमध्ये कॉफी ओतली. निम्मी ओट्यावर सांडली. लोकरीचा स्वेटर, शाल, विजेरी. दाराला कुलूप लावायला गेली तर किल्ली भोकात जाईना. मग तसंच उघडं टाकून निघाली.

झाडी तिला आठवत होती त्याहून दाट निघाली. ओली मुळं पायाखाली सापासारखी सटकत होती. "बिर्ते!" ती ओरडायची, थांबायची, आणि स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकायची. घसाऱ्यावर आली तेव्हा झाडं संपली आणि आडोसाही संपला. एक दगड तिच्या टाचेखालून सुटला, खाली गेला, आपटला, पुन्हा आपटला, आणि मग नुसताच जात राहिला. तिनं कान दाबून घेतले. नंतरची पन्नास पावलं ती चार पायांच्या जनावरासारखी चढली. खाली बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं.

पण खाली न बघता वर कसं जाणार? एका ठिकाणी वाट दिसेना म्हणून तिनं मान वळवली आणि फ्योर्ड तिच्या नजरेत शिरला. ढगाला मोठी फट पडली होती. दोन्ही बाजूंच्या काळ्या भिंती पाण्यात उभ्या होत्या, आणि पाणी हिरवट शिशासारखं निश्चल. फेरीबोट चालली होती. नखाएवढी नव्हती, त्याहूनही लहान होती. सोलफ्रिडला एकदम वाटलं की डोंगर हळूहळू पुढे कलतोय आणि तिला त्या पाण्यात ओतून देणार आहे. तिनं कपाळ कातळाला टेकवलं. गरम ओल मांडीवरून ओघळली. तिला त्याची लाजही वाटली नाही.

"कोण आहे?" वरून आवाज आला. बारीक, घोगरा. सकाळचा आवाज तो नव्हे.

"मी! सोलफ्रिड!"

"लवकर ये गं बाई. माझे हात गेलेत."

ती सपाटी तशीच होती. खुंटीही तिथेच, गंजून बारीक झालेली. सोलफ्रिडनं ती धरली, आणि एकदा धरल्यावर सोडवेना. इथे बसून राहावं, टोरलाइव्ह येईलच. दीड-दोन तास म्हणाला होता, त्यातला एक तास तर गेलाच असेल. वरून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, बिर्ते किंचाळली, आणि पुन्हा सगळं शांत झालं. त्या शांततेनंच सोलफ्रिडची बोटं खुंटीवरून सुटली. थर्मास आणि शालीची पिशवी खालीच राहिली. साखळी हातात आली तेव्हा ती बर्फासारखी गार होती. ती कशी चढली? एक कडी, दुसरी कडी, तोंडानं मोठ्यांदा आकडे म्हणत. एकविसाव्या कडीला पाय घसरला आणि ती अर्धा क्षण हातांवर लोंबकळली. त्यानंतर तिनं आकडे म्हटले नाहीत.

कड्याच्या वर डोकं काढलं तर समोरच फरशी. अंगणाएवढा सपाट कातळ, पण फ्योर्डच्या बाजूला तिरपा, कौलारू छपरासारखा, आणि त्यावर हिरवं शेवाळ चकाकतंय. छपराच्या अगदी कडेला बिर्ते पालथी पडली होती. जुनिपरच्या झुडपाच्या एका खुंटात तिचा बूट अडकला होता आणि दुसरा पाय वेडावाकडा पडला होता. उतरताना घसरले, म्हणाली. फोन खाली गेला. साडेबारापासून इथेच.

"आता सांग," बिर्ते दात वाजवत म्हणाली. भीतीनं ती 'तुम्ही' विसरली होती. "तू उन्हाळ्यात आली होतीस ना? कातळात खाचा कुठे आहेत? डावीकडे पाय सरकवू की उजवीकडे? लवकर सांग, हा खुंट हलतोय."

सोलफ्रिडनं तोंड उघडलं. डावीकडे म्हणावं, असं तिच्या जिभेवर आलंही होतं. इतकी वर्षं ती असंच काहीतरी म्हणत आली होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी कधीच आले नाही इथे."

"काय?"

"उन्हाळ्यात नाही, कधीच नाही. खोटं बोलले मी सकाळी. हलू नका. काही म्हणजे काही हलू नका."

बिर्तेनं तिला डॅनिशमध्ये एक शिवी दिली. शिक्षिकेच्या तोंडी शोभणारी नव्हती ती. मग हुंदका दिला. "मेले असते ना मी! तुझ्या त्या पाव कापत मारलेल्या बाता ऐकून!"

"हो."

"हो काय म्हणतेस?"

साखळीचं वरचं टोक एका जाड कडीला अडकवलेलं होतं. सोलफ्रिडनं उजवा पाय त्या कडीत घुसवला, मुरगाळून घट्ट केला, आणि पोटावर झोपून फरशीवर पुढे सरकली. शेवाळाचं गार पाणी कॉलरमधून आत आलं. अंग खाली ओढलं जातंय हे तिला कळत होतं. सगळा भार त्या एका घोट्यावर होता. हात लांबवला. चार बोटं कमी पडली. आणखी सरकली, घोट्यात कळ गेली, आणि बिर्तेचं मनगट तिच्या मुठीत आलं.

बस्स, इतकंच. वर ओढणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं. नुसतं धरून ठेवायचं होतं.

"झोप येतेय मला," थोड्या वेळानं बिर्ते म्हणाली. तिचे शब्द लोळायला लागले होते.

"झोपू नका. बोला काहीतरी."

"तूच बोल. सकाळचं ते भाषण म्हण. सगळं खोटंच, पण म्हण."

म्हणून सोलफ्रिडनं ते म्हटलं. गाल ओल्या दगडावर, डोळे गच्च मिटलेले. डावीकडे दोन धबधबे. हिमनदीची कड. उजवीकडे होल्मेया बेट, त्यावरचं लाल—

"कुठलं बेट?"

"होल्मेया. फ्योर्डच्या तोंडाशी."

"उजवीकडे बेट-बिट काही नाही," बिर्ते म्हणाली. जरा जागी झाली होती. "उजवीकडे डोंगराचा भलामोठा खांदा आडवा आलाय. अर्धा तास बसले होते मी वर, पाव खाल्ला."

"ढग असतील."

"तेव्हा ढग नव्हते. सदतीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. तुला कुणी सांगितलं बेट दिसतं म्हणून?"

"वडिलांनी."

सोलफ्रिडला बापाचा तो पांढराफटक चेहरा दिसला, आणि थरथरणारे हात, जे तिनं तेव्हा पाहिले होते आणि रागाच्या खाती टाकले होते. तो धुक्यात वर गेला होता तो कुठपर्यंत? ह्या फरशीपर्यंत? इथेच, ह्याच कडीला धरून बसला होता का तो, लेकीला खाली एकटी ठेवून? विचारायला तो आता नव्हता. खुंट पुन्हा करकरला, आणि तिनं बाप बाजूला ठेवून मनगट आवळलं.

माणसांचे आवाज आले तेव्हा उजेड राखाडी झाला होता. टोरलाइव्ह साखळीवरून वर आला आणि भराभर दोर टाकायला लागला. बिर्तेला त्यांनी आधी बांधली. सोलफ्रिडची मूठ मात्र तिच्या मनगटावरून निघेना. टोरलाइव्हला तिची बोटं एकेक करून उकलावी लागली.

"सोड गं आता. मेंढी नाही ती, पळून जायची नाही," तो म्हणाला.

साखळीवरून त्यांनी सोलफ्रिडला पिशवीसारखी दोरानं खाली सोडली. झाडीत पोचल्यावर, स्ट्रेचर पुढे गेल्यावर, ती लंगडत टोरलाइव्हच्या बरोबरीनं चालत होती.

"वरून होल्मेया दिसतं का रे?" तिनं विचारलं.

"होल्मेया? कसं दिसेल? मधे खांदा नाही का आलाय. तू काय मलाच—" तो थांबला. विजेरीचा झोत तिच्या चिखलानं माखलेल्या बुटांवर आला.

"मी साखळीच्या वर आज पहिल्यांदा गेले," ती म्हणाली.

त्यानं झोत पुन्हा वाटेवर वळवला. मग म्हणाला, "आणि योस्टाइनकाका?"

"माहीत नाही."

बिर्तेचा घोटा दोन ठिकाणी मोडला होता. जिल्ह्याच्या इस्पितळात ती नऊ दिवस होती. सोलफ्रिड तीनदा भेटायला गेली. पहिल्या वेळी बिर्तेनं भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या वेळी म्हणाली, "तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, पण ते दुधाचे केक ठेवून जा." तिसऱ्या वेळी दोघी खिडकीतून पार्किंगकडे बघत बसल्या. सपाट जमिनीवर चालायचा जोडा सोलफ्रिडनंच तिला विकत आणून दिला.

गावात सोलफ्रिडनं स्वतःच सांगितलं, शनिवारी, दुकानात, सगळे असताना. हसले कुणी नाही. हसले असते तर बरं झालं असतं. टोरलाइव्ह पावाच्या फळीपाशी उभा होता. "बारा वर्षं लोकांना वर पाठवत होतीस," तो म्हणाला. "भीती वाटते त्याचं काही नाही गं. ती मलाही वाटते, दर खेपेला. पण माहीत नाही असं म्हणायला काय झालं होतं?" आणि पैसे ठेवून बाहेर गेला. ख्रिसमसपर्यंत तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

पाहुणे पुढच्या जूनपासून पुन्हा यायला लागले. खोलीत आता भिंतीवर टोरलाइव्हनं स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद आहे: पाऊस पडून दोन दिवस झाले नसतील तर जायचं नाही, फरशी कशी ओलांडायची, आणि त्याचा फोन नंबर. कुणी विचारलं तर सोलफ्रिड सांगते की ती साखळीच्या वर एकदाच गेली होती, आणि पुन्हा जायची नाही. काही जण हे ऐकून बेत रद्द करतात. मग तिला इतकं हायसं वाटतं की ती त्यांना जास्तीचं लोणी वाढते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात एक तरुण जोडपं गेलंच. कोरडा दिवस होता, ढगाचा ठिपका नव्हता, बूट चांगले होते. तिनं स्वतः ते उलटे करून तळ पाहिले होते. ते आठला निघाले. सोलफ्रिडनं सुट्टी घेतली होती, कारण काही सांगितलं नव्हतं. ती मोरीपाशी उभी राहिली आणि डोंगराकडच्या खिडकीतून घसाऱ्यावरचे दोन रंगीत ठिपके बघत राहिली, ते कड्यात शिरून दिसेनासे होईपर्यंत, आणि मग ते दिसत नव्हते तेव्हाही. बटाटे उकडून फुटले, पाणी आटलं, भांडं करपलं. एक वाजून वीस मिनिटांनी दोघं घाम पुसत, कशावर तरी खिदळत अंगणात आली. "काय दिसतं हो वरून!" पोरगी म्हणाली.

"हात धुवा आधी," सोलफ्रिड म्हणाली. करपलेल्या बटाट्यांऐवजी पाव काढायला म्हणून ती फडताळाकडे वळली, पण मधेच जिन्याच्या पायरीवर बसली, आणि पाय पुन्हा आपले होईपर्यंत बसून राहिली.